वाचक विचारतात : मिस्साला जाऊनही देव भेटत नाही

प्रश्न : दर रविवारी चर्चमध्ये मिस्साला, म्हणजे कॅथलिक उपासनेला, जाते. उठते, बसते, गुडघे टेकते. पण देव भेटल्यासारखं काही वाटत नाही. शेजारच्या बाईंच्या डोळ्यांत मात्र पाणी असतं. माझं काय चुकतं?

उत्तर : डोळ्यांतल्या पाण्यावरून भेट मोजू नका. नुसतं गायनमंडळ सुरेल असलं तरी ते येतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने) १९६३ साली उपासनेविषयी जे मांडलं, त्यात ख्रिस्त जमलेल्या मंडळीत, धर्मगुरूत, वाचल्या जाणाऱ्या वचनात आणि विशेषकरून भाकर-द्राक्षारसात हजर असतो, असं म्हटलं आहे. आपल्याला जाणवलं तरच, अशी अट त्यात नाही.

आता तयारीचं. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात ठरलेली असतात. शनिवारी रात्री शुभवर्तमानाचा (येशूच्या चरित्राचा) उतारा दोनदा वाचा आणि अडलेली एकच ओळ मनात धरा. नाहीतर वाचन कानांवरून जातं आणि प्रवचन लांबलं एवढंच लक्षात राहतं. कम्युनियनआधी, म्हणजे ती भाकर ग्रहण करण्याआधी, निदान एक तास उपवास असतोच. पाणी आणि औषध चालतं, आजारी व वृद्धांना सूट आहे.

सुरुवातीला धर्मगुरू ‘आपण प्रार्थना करूया’ म्हणून थांबतात. तो थांबा तुमच्यासाठी असतो. आठवड्याचं ओझं तिथे नाव घेऊन ठेवायचं : आईचं दुखणं, भावाशी धरलेला अबोला. मग धर्मगुरू सगळ्यांच्या विनवण्या एका प्रार्थनेत गोळा करतात. आपण नेमकं तेव्हा पुस्तकाची पानं उलटत असतो. (काही धर्मगुरू थांबतच नाहीत, हेही खरं. त्यांना जरूर सांगा.)

सगळ्यात जास्त घसरण कम्युनियननंतर होते. ‘ख्रिस्ताचं शरीर’ला ‘आमेन’ म्हणून जागेवर आलो की नजर चपला, घड्याळ, ओळखीचे चेहरे यांवर फिरते. तिथे पाच मिनिटं काही मागू नका. शनिवारची ओळ मनातल्या मनात म्हणा. मन भरकटेल, पुन्हा त्याच ओळीवर या. पुनरुत्थानानंतर येशू अम्माऊस गावाच्या वाटेवर दोन शिष्यांसोबत चालला. त्यांनी त्याला भाकर मोडताना ओळखलं, तो लगेच दिसेनासा झाला, आणि वाटेत तो बोलत असताना अंतःकरण पेटलं होतं हे त्यांना मागाहून उमगलं (लूक २४). तेव्हा रविवारी दुपारी ‘काहीच झालं नाही’ असा निकाल लावू नका.

प्रश्न : तीन वर्षांचा मुलगा सोबत असतो. सगळं लक्ष त्याच्याकडेच जातं.

उत्तर : मागे दाराशी बसू नका, पुढे बसा. वेदी दिसली की मुलं जास्त रमतात. फारच रडला तर बाहेर न्या आणि शांत झाला की परत या.