प्लास्टिकमधून आयन कसे सरकतात?

प्रश्न: वायरवरचं प्लास्टिक तर करंट अडवतं, मग बॅटरीत लिक्विडच्या जागी प्लास्टिकच भरतात म्हणे, ते कसं काय चालतं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: मस्त प्रश्न! बॅटरीच्या आतून इलेक्ट्रॉन नाही, लिथियमचे आयन (विद्युतभार असलेले अणू) पलीकडे जायला हवेत, आणि पॉलिइथिलीन ऑक्साइड नावाच्या पॉलिमरमधले, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंच्या प्लास्टिकमधले, ऑक्सिजन या आयनांना धरून ठेवतात, साखळी वळवळली की पुढच्याकडे सरकवतात. 1978 मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ मिशेल आर्मां यांनी बॅटरीसाठी हेच सुचवलं. पण साधारण 60 अंश सेल्सिअसखाली हे पॉलिमर स्फटिकासारखं घट्ट होतं आणि आयन अडकतात, म्हणून तर पॅरिसच्या ब्लूकार या इलेक्ट्रिक गाड्यांची बॅटरी गरम ठेवावी लागायची.

बरं, नरम असलं की लिथियमच्या बारीक सुया त्यातून आरपार वाढतात, झालं शॉर्ट सर्किट. मग त्याला कडक पॉलिस्टायरीनची साखळी जोडतात. दोघं तेल-पाण्यासारखे एकमेकांत मिसळत नाहीत, पण जोडलेले असल्यामुळे लांबही जाता येत नाही, म्हणून आपोआप साधारण दहा ते शंभर नॅनोमीटरची नक्षी तयार होते. नुसते थर झाले तर दिशा जुळत नाहीत नि आयनांची वाट मध्येच तुटते, पण गायरॉइड नावाचं जाळं झालं की वाट तिन्ही दिशांनी सलग, हे मला फार आवडतं. अर्थात कडक भागातून आयन जात नाहीत, त्यामुळे मजबुतीसाठी थोडी वाहकता सोडावीच लागते.