पोलादाचे नाव आणि पात्याचे पाणी

वाचकांचे प्रश्न

सुऱ्या, चाकू आणि विळ्या यांच्या पोलादाविषयी या महिन्यात बरीच पत्रे आली. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तर देत आहे. पहिल्या पत्रातील प्रश्न सर्वांच्याच मनात असावा, असे इतर पत्रे वाचताना जाणवले. म्हणून त्याला अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : मी गेली बावीस वर्षे सह्याद्रीत भटकंती करतो. तेव्हापासून माझ्याजवळ एकच घडीचा चाकू आहे. त्याचे पाते ४२०एचसी या पोलादाचे आहे. आमच्या गटात नव्याने आलेल्या तरुण मित्रांकडे एस३०व्ही, मॅग्नाकट अशा पोलादांचे महागडे चाकू आहेत. मागच्या महिन्यात राजमाचीच्या वाटेवर काकडी कापायला मी चाकू काढला, तेव्हा त्यांच्यापैकी एक जण म्हणाला, ‘काका, हे पोलाद आता कोणी वापरत नाही.’ मला वाईट वाटले. माझा चाकू खरोखर टाकाऊ आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आपला चाकू टाकाऊ नाही. मात्र आपल्या मित्राच्या बोलण्यात थोडे तथ्य आहे, ते आधी सांगतो. एस३०व्ही हे पोलाद अमेरिकेतील क्रुसिबल या कंपनीने २००१ साली खास चाकूंसाठी तयार केले. त्यात कार्बन सुमारे १.४५ टक्के आणि व्हॅनेडियम ४ टक्के असते. व्हॅनेडियम आणि कार्बन यांचे अतिशय कठीण कण पोलादात तयार होतात आणि धार झिजू देत नाहीत. वितळलेल्या पोलादाची आधी बारीक भुकटी करून ती उष्णतेने व दाबाने एकजीव केल्यामुळे हे कण लहान राहतात आणि सगळीकडे सारखे विखुरतात. आपल्या ४२०एचसीमध्ये कार्बन अर्ध्या टक्क्याच्या आसपासच असतो आणि असे कण फार थोडे असतात. त्यामुळे दोघांनी दिवसभर दोर किंवा पुठ्ठा कापला, तर संध्याकाळी मित्राच्या चाकूची धार अधिक शिल्लक असेल. हा फरक खरा आहे.

त्याची किंमत मात्र दुसरीकडे मोजावी लागते. व्हॅनेडियमचे ते कण आपल्या नेहमीच्या धार लावण्याच्या दगडातील कणांपेक्षाही कठीण असतात. त्यामुळे असे पाते एकदा बोथट झाले, की साध्या निसण्यावर ते लवकर वठणीवर येत नाही; हिऱ्याची भुकटी बसवलेली पट्टी लागते. आपल्या चाकूला मात्र मुक्कामाच्या ठिकाणी, कंदिलाच्या उजेडात, खिशातल्या दगडावर पाच मिनिटांत धार येते. शिवाय हे पोलाद चिवट आहे. ओल्या लाकडाच्या गाठीवर पाते थोडे तिरके बसले, तरी धारेचा तुकडा उडण्याची भीती त्यात कमी असते. डोंगरात कोणता गुण अधिक मोलाचा, याचे उत्तर बावीस वर्षे चाकू वापरणाऱ्या माणसाजवळच असते.

‘आता कोणी वापरत नाही’ या वाक्याचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. एके काळी ४४०सी हे नाव पात्यावर असणे हा अभिमानाचा विषय होता. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बॉब लव्हलेस या नामवंत अमेरिकी कारागिराने १५४सीएम वापरण्यास सुरुवात केली आणि जाणकारांची नजर तिकडे वळली. पुढे एस३०व्ही आले, त्याच्या सुधारित आवृत्त्या आल्या आणि २०२१ साली लॅरिन थॉमस या धातुशास्त्रज्ञाने मॅग्नाकट तयार केले. मॅग्नाकट हे गंजरोधकता आणि चिवटपणा यांचा फार चांगला मेळ घालणारे पोलाद आहे, आणि मी स्वतः त्याचा चाहता आहे. पण या पन्नास वर्षांत ४४०सीच्या घटकांत काहीही बदलले नाही. १९७५ साली ते जितके चांगले कापत होते, तितकेच आजही कापते. ज्यांनी त्याला डोक्यावर घेतले आणि ज्यांनी त्याला खाली उतरवले, त्यांच्यापैकी पुष्कळांनी ते पोलाद स्वतःच्या हाताने दगडावर घासून पाहिलेच नव्हते. इथेच आवड संपते आणि तोरा सुरू होतो, असे मला वाटते. ‘मला हे पाते आवडते, कारण माझ्या कामात त्याची धार चार आठवडे टिकते’ असे म्हणणाऱ्याशी मी तासन्‌तास बोलेन. पण घटकांचा तक्ता पाहून दुसऱ्याच्या हातातील चाकूला कमी लेखणाऱ्याशी काय बोलावे, ते मला सुचत नाही.

घटकांच्या तक्त्यात दोन गोष्टी कधीच नसतात. पहिली म्हणजे पात्याचा आकार. इंग्लंडमधील शेफिल्ड येथे धार मोजण्याचे एक यंत्र वापरले जाते. त्यात वाळूचे बारीक कण मिसळलेल्या पुठ्ठ्याच्या चळतीवर पाते ठरावीक दाबाने पुढे-मागे फिरवतात आणि किती पुठ्ठा कापला गेला ते मोजतात. अशा चाचण्यांतून असे दिसते की, धारेचा कोन थोडा कमी केला, तरी पाते कितीतरी अधिक पुठ्ठा कापते. म्हणजे जाड कोनाच्या महाग पोलादावर, बारीक कोनाचे साधे पोलाद मात करू शकते.

दुसरी गोष्ट म्हणजे पाणी. आपल्या भाषेत चांगल्या तलवारीला ‘पाणीदार’ म्हणतात, आणि पोलाद तापवून थंड करण्याच्या कृतीला ‘पाणी देणे’ म्हणतात. लोहाराची भट्टी अंधाऱ्या खोपटात असते, कारण तापलेल्या पात्याचा रंग त्याला डोळ्यांनी ओळखावा लागतो. साधे कार्बनचे पोलाद सुमारे ८०० अंश सेल्सिअसला लालभडक झाले, की तो ते पाण्यात किंवा तेलात बुडवतो. तेव्हा ते काचेसारखे कठीण आणि तितकेच ठिसूळ होते. मग ते पुन्हा हलकेसे तापवून ठिसूळपणा काढावा लागतो. घासून चकचकीत केलेल्या पात्यावर वाळलेल्या गवतासारखा पिवळसर रंग धावू लागला, की लोहार हात आवरतो. या दोन पायऱ्यांत थोडी चूक झाली, तरी उत्तमातले उत्तम पोलाद वाया जाते, आणि त्या नीट जमल्या, तर ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून केलेला कोयताही वर्षानुवर्षे ऊस तोडतो. आपल्या चाकूच्या ४२०एचसी पोलादाची आज जी चांगली ख्याती आहे, तीही मुख्यतः अमेरिकेतील पॉल बॉस या तज्ज्ञाने बसवून दिलेल्या पाणी देण्याच्या पद्धतीमुळे मिळालेली आहे.

दोन वर्षांपूर्वी मी चार सुऱ्यांची नावे चिकटपट्टीने झाकली, चारही सुऱ्यांना एकाच दगडावर एकाच कोनात धार लावली आणि रोज स्वयंपाक करणाऱ्या आमच्या घरातील तिघींना त्यांवर कांदे चिरायला दिले. दोघींनी सर्वांत पातळ पात्याची सुरी उचलली. ती साध्या स्टेनलेसची होती. तिसरीला जपानी कार्बन पोलादाची सुरी आवडली, कारण तिचे वजन मुठीकडे होते. भुकटीपासून केलेल्या महाग पोलादाची सुरी कोणालाही वेगळी वाटली नाही. तिचा गुण दोन किलो कांद्यांत दिसण्यासारखा नव्हताच. तो कळायला महिनाभर वापर लागतो. आपल्या मित्राला पुढच्या वेळी दोन्ही चाकूंनी एकाच काकडीचे काप करायला सांगा आणि कापताना पात्यांकडे पाहू नकोस, एवढेच म्हणा.

प्रश्न : आमच्याकडे सासूबाईंची चाळीस वर्षांची लोखंडी विळी आहे. तिच्यावर केळफूल, सुरण किंवा कच्ची केळी चिरली की काळी पडतात, म्हणून मी स्टेनलेसची विळी आणली. सासूबाई म्हणतात, ‘तो पत्रा आहे, त्याला धार राहत नाही.’ त्यांचे म्हणणे खरे आहे की केवळ सवयीचे? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : सासूबाईंचा अनुभव खरा आहे, पण तो सगळ्या स्टेनलेसला लागू होत नाही. स्टेनलेस हे एका पोलादाचे नाव नसून एका मोठ्या कुळाचे नाव आहे. आपल्या डब्यांचे आणि ताटांचे स्टेनलेस, ज्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते, ते पाणी घेतच नाही. ते कितीही तापवून बुडवले तरी कठीण होत नाही. अशा पत्र्याची विळी केली, तर तिची धार चार दिवसांत वळते. सुरीसाठी वापरले जाणारे स्टेनलेस वेगळे असते. त्यात पुरेसा कार्बन असतो आणि ते हजार अंशांच्या वर तापवून कठीण करता येते. घरच्या घरी एक परीक्षा करता येईल. आणलेल्या विळीच्या पात्याला लोहचुंबक लावा. चुंबक अजिबात चिकटले नाही, तर ते भांड्यांचे पोलाद आहे आणि सासूबाईंचे म्हणणे बरोबर आहे. चिकटले, तर पाते चांगले असण्याची शक्यता आहे. पण तेवढ्यावरून खात्री धरू नका, कारण कठीण न होणारे काही स्वस्त स्टेनलेसही चुंबकाला चिकटते.

सासूबाईंसारखाच आक्षेप शेफिल्डच्या सुऱ्या करणाऱ्यांनीही घेतला होता, हे आपणा दोघींनाही वाचायला आवडेल. तेथे १९१३ साली हॅरी ब्रेअर्ली यांनी जवळजवळ १३ टक्के क्रोमियमचे, न गंजणारे पोलाद तयार केले आणि त्याच्या सुऱ्या करून पाहाव्यात असा आग्रह धरला. जुन्या पोलादाची सवय असलेल्या कारागिरांना त्याला नीट पाणी देता येईना, आणि ‘न कापणाऱ्या सुऱ्यांचा जनक’ अशी ब्रेअर्ली यांची हेटाळणी झाली. योग्य तापमान हाती आल्यावर त्याच पोलादाच्या सुऱ्या घरोघरी गेल्या.

भाजी काळी पडण्याचे कारण म्हणजे केळफुलातील आणि कच्च्या केळ्यातील तुरट द्रव्यांची लोखंडाशी होणारी क्रिया. पात्याला आणि हाताला तेल लावून चिरले आणि चिरलेले लगेच ताकाच्या पाण्यात टाकले, तर काळेपणा कमी होतो; हे सासूबाई करीतच असतील. जुन्या विळीच्या पात्यावर जो करडा-काळसर थर चढलेला असतो, तो रोज घासून काढू नका. तो तांबड्या गंजापासून काही प्रमाणात रक्षण करतो. काम झाल्यावर विळी धुऊन लगेच कोरडी करावी आणि पावसाळ्यात खोबरेल तेलाचे बोट फिरवावे. माझ्या मते दोन्ही विळ्या ठेवाव्यात. केळफूल नवीवर चिरा. मासे आणि पालेभाजी यांसाठी मात्र, चाळीस वर्षे धार लावून झिजलेल्या त्या पातळ पात्याला तोड मिळणे कठीण आहे.

प्रश्न : भावाने जपानहून व्हीजी-१० पोलादाची सुरी आणली. सुके खोबरे कापताना तिच्या धारेचे दोन बारीक तुकडे उडाले. सुरी बनावट असावी का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : तेवढ्यावरून तसे म्हणता येणार नाही. व्हीजी-१० मध्ये सुमारे १ टक्का कार्बन आणि १५ टक्के क्रोमियम असते, आणि कठीणपणाच्या रॉकवेल मापावर ही सुरी साधारण ६० च्या आसपास ठेवतात. नेहमीची जर्मन सुरी ५६ ते ५८ वर असते. जपानी पाते अधिक कठीण आणि धारेशी अधिक पातळ असल्यामुळे ते भाजी-फळांत सुरेख चालते. पण सुके खोबरे, हाड आणि गोठलेले मांस ही त्याची कामे नव्हेत. कापता कापता पाते जरा पिळले गेले तरी तुकडा उडतो. सुमारे ४०० क्रमांकाच्या भरड दगडावर धार समपातळीत येईपर्यंत घासा, मग १००० क्रमांकाच्या दगडावर प्रत्येक बाजूने सुमारे १५ अंशांत धार लावा. एका बाजूने घासताना दुसऱ्या बाजूस बोटाला धातूची सूक्ष्म खरखरीत कड लागली, की ती बाजू पुरी झाली असे समजावे. खोबऱ्याला विळीच घ्या.

प्रश्न : पात्यावर लाटांसारखी नक्षी असलेल्या ‘दमास्कस’ सुऱ्या सर्वांत श्रेष्ठ असतात, असे दुकानदार सांगतात. हे खरे आहे का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : नक्षीवरून धारेचा निर्णय करता येत नाही. आजच्या बहुतेक दमास्कस सुऱ्यांत दोन प्रकारच्या पोलादांचे थर एकमेकांना जोडून, आम्लात बुडवून नक्षी उठवलेली असते, आणि पुष्कळ सुऱ्यांत हे थर नुसते बाहेरचे आवरण असते. ज्या जुन्या तलवारींनी दमास्कसचे नाव गाजवले, त्यांची नक्षी मात्र पोलादाच्या पोटातूनच उमटे, आणि ते पोलाद दक्षिण भारतात व श्रीलंकेत मुशीत तयार होई. मुंबईहून पाठवलेल्या अशा ‘वुट्झ’ पोलादाच्या नमुन्यांवर जॉर्ज पिअर्सन यांनी १७९५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीत निबंध सादर केला, आणि पुढे मायकेल फॅरडे यांनीही जेम्स स्टोडार्ट या सुऱ्या घडवणाऱ्या कारागिरासोबत त्यावर प्रयोग केले. अलीकडच्या संशोधनानुसार त्या नक्षीमागे खनिजातील अत्यल्प व्हॅनेडियमसारख्या मूलद्रव्यांचा हात होता. परदेशात भारतीय पोलादाची अशी ओढ असताना, मराठ्यांकडे मात्र युरोपातून आलेल्या पात्यांच्या ‘फिरंग’ तलवारींना मान होता, आणि त्या पात्यांवरील परदेशी खुणांची नक्कल इकडचे कारागीर करीत.

दुकानात सुरी हातात घेतल्यावर धारेलगतची पट्टी नीट पाहा. नक्षी धारेच्या थोडी अलीकडेच थांबून पुढे एकसारखी, नितळ पट्टी दिसत असेल, तर कापण्याचे काम त्या गाभ्याच्या पोलादाला करायचे आहे, आणि त्याचेच नाव दुकानदाराला विचारा. नक्षी थेट धारेपर्यंत जात असेल, तर दोन्ही थर कोणत्या पोलादांचे आहेत आणि पाते कितपत कठीण केले आहे, हे विचारा. यांपैकी काहीच सांगता येत नसेल, तर त्याच पैशांत साध्या पात्याची चांगली सुरी आणि धार लावण्याचा एक दगड असे दोन्ही येईल.