पाटे एक्सलवर चढवण्याआधी

वाळपईहून एका वाचकाने मार्च महिन्यात पत्र पाठवलं आहे. वय ३६, कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी, हातात येणारा पगार ४८,००० रुपये. घरकर्जाच्या हप्त्यासकट महिन्याचा खर्च ३४,०००, एसआयपी ५,०००. पतसंस्थेत १,४०,००० ची वर्षाची ठेव, ७ टक्क्यांनी, १२ मे रोजी पिकणारी. आणि दारात १९९९ ची मारुती जिप्सी. गेल्या पावसात एका ओहोळात मागचा डिफरन्शियल, म्हणजे चाकांना जोडणाऱ्या एक्सलच्या मधला गिअरांचा डबा, दगडावर बसला आणि गाडी दोर लावून ओढून काढावी लागली. तेव्हापासून मनात एकच आहे: एक्सलच्या खाली असलेले पाटे (गाडीचं वजन पेलणाऱ्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा) काढून वर बसवायचे, म्हणजे 'स्प्रिंग ओव्हर' करून गाडी पाच इंच उचलायची. मित्राकडे वेल्डिंग मशीन आहे, दोन रविवारांत काम घरीच होईल, खर्च ३८,००० ठेवीतून. कमी पडले तर ६०,००० चं वैयक्तिक कर्ज. विचारलंय, "करू का?"

नमस्कार. यंदा करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. तुमचा छंद खर्चिक आहे म्हणून मी हे म्हणत नाही. महिन्याकाठी ९,००० रुपये शिल्लक टाकणाऱ्या माणसाने छंदावर खर्च करायलाच हवा. पण ज्या दगडावर गाडी अडकली, तो दगड या कामाने चुकत नाही.

पाटे वर गेले की गाडी किती उचलते, ते एक्सलच्या नळीची जाडी आणि पाट्यांच्या थप्पीची जाडी यांवर ठरतं. जिप्सीत ती बेरीज पाच इंचांच्या आसपास येते. पण उचलते ती चासी (गाडीचा खालचा सांगाडा) आणि बॉडी. एक्सल चाकांच्या मधोमध असतो तिथेच राहतो, आणि डिफरन्शियलही. पाटे आणि त्यांना एक्सलला आवळणाऱ्या यू-बोल्टच्या पट्ट्या खालून निघाल्यामुळे तिथे जागा मोकळी होते, हा फायदा खरा आहे. पण डिफरन्शियलची जमिनीपासूनची उंची फक्त टायर वाढवतो. तुमचा २०५/७० आर १५ टायर सुमारे ६६८ मिलिमीटर व्यासाचा आहे. २३५/७५ आर १५ घातला तर व्यास ७३३ होतो, म्हणजे डिफरन्शियल वर जाणार तो त्याच्या निम्मा, जेमतेम ३३ मिलिमीटर. ३१ इंची टायर घातला तरी ६० च्या आत. शिवाय २३५ च्या टायरवर स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी ११० ने धावत असेल, इंजिनाला चढ जड जाईल आणि मग ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीत, जास्त जोर देणारे लो गिअर हवेत असं वाटू लागेल. एका खर्चाच्या शेपटीला दुसरा बांधलेला असतो तो असा.

तुमच्या वहीच्या पानाचा फोटो मी बराच वेळ बघितला. चार पॅड (पाटे टेकवायला एक्सलवर वेल्ड करायच्या बैठका), आठ यू-बोल्ट, वेल्डिंग रॉड, ग्राइंडरची चाकं, ब्रेकचे होज, सगळं नीट लिहिलंय. शेवटची ओळ: 'किरकोळ – २,०००'. मला काळजी आहे ती याच ओळीची. या किरकोळात स्टीअरिंग आहे. गाडी उचलली की ड्रॅग लिंक (स्टीअरिंगला चाकांशी जोडणारा दांडा) तिरकी होते, पाट्याला घासू शकते, आणि खड्ड्यात चाक वर-खाली झालं की स्टीअरिंग आपोआप खेचलं जातं. तिची जोडणी बदलावीच लागते. एक्सलपर्यंत ताकद नेणारे प्रोपेलर शाफ्ट लांब करावे लागतात, नाहीतर स्लिप जॉइंटची, म्हणजे त्यांच्या सरकत्या जोडाची, पकड कमी पडते. शॉकॲब्सॉर्बर लांब लागतात. वर बसवलेल्या पाट्यांना ॲक्सिलरेटर दाबला की पीळ बसतो, डिफरन्शियलचं तोंड वर उचलतं आणि शाफ्टच्या क्रॉसवर (टोकाच्या सांध्यावर) ताण येतो. तो पीळ रोखायला ट्रॅक्शन बार लागतो. तुमच्या ३८,००० मध्ये मी स्टीअरिंगचे १५,००० धरले, शाफ्टचे १०,०००, शॉकॲब्सॉर्बरचे १२,००० आणि स्टेपनीसह पाच टायरांचे ४२,०००. झाले १,१७,०००. ट्रॅक्शन बार आणि अलाइनमेंट मिळवलं की सव्वा लाख. लो गिअर यात नाहीत. हे माझे अंदाज आहेत. पाच-दहा हजार इकडेतिकडे होतील, पण ३८,००० वर काही केल्या थांबत नाही.

मित्राच्या वेल्डिंगबद्दलही बोललं पाहिजे. तो गेट आणि ग्रील जोडतो, हात चांगला आहे असं तुम्ही लिहिलंय, आणि मला ते पटतं. पण एक्सलच्या नळीला एका जागी सलग टाका मारला की नळी उष्णतेने वाकते. ती थोडीशी जरी वाकली तरी ऑइल सील गळायला लागतं आणि बेअरिंग आवाज करतं. पॅडचा कोन गाडीचं वजन चाकांवर असताना ठरवून आधी नुसता टाचायचा असतो; पुढच्या एक्सलला तो कोन चुकला तर स्टीअरिंग सरळ परतत नाही. गेटचा जोड सुटला तर गेट लोंबकळतं. पॅडचा जोड चोर्ला घाटाच्या उतारावर सुटला तर एक्सल फिरतो, आणि मागच्या सीटवर तुमची मुलं असतात.

आता कागद. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीतले तपशील उत्पादकाच्या मूळ मापांपासून वेगळे होतील असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. बरेच जण 'कोण बघतंय' म्हणून सोडून देतात. पण तुमच्या गाडीच्या नोंदणीचं नूतनीकरण २०२९ मध्ये आहे. तेव्हा फिटनेस तपासणीला गाडी न्यावीच लागेल, आणि पाच इंच उचललेली जिप्सी लांबूनही ओळखू येते. तिथे अडली तर सगळं पुन्हा खाली उतरवण्याचा खर्च. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर बाहेर आला तर स्वतःच्या नुकसानीचा दावा नाकारला जाऊ शकतो. तिसऱ्या माणसाला मोठी इजा झाली आणि वसुलीचा वाद तुमच्यावर उलटला, तर ती रक्कम तुमच्या ठेवीच्या कितीतरी पट असेल.

आणि गाडीची किंमत. २०१९ पासून शोरूममध्ये नवी जिप्सी मिळत नाही. म्हणून मूळ स्थितीतली, कागद स्वच्छ असलेली जिप्सी शोधत लोक फिरतात. माझ्याकडे हिशेबाला येणाऱ्या फोंड्याच्या एका कुटुंबाने जुन्या जीपवर दीड लाख घालून ती अशीच उंच केली होती. विकायला काढली तेव्हा गिऱ्हाईक यायचं, खाली वाकून बघायचं आणि आरसी मागायचं. शेवटी ती बाजारभावापेक्षा सत्तर हजार कमीने गेली. घरातली कर्ती बाई मला म्हणाली, "घातलेले पैसे गेले ते गेले, गाडीचेही घेऊन गेले."

तुमची १,४०,००० ची ठेव म्हणजे चार महिन्यांचा घरखर्च. मी सहा महिन्यांचा आग्रह धरतो, म्हणजे २,०४,०००. ठेव आताच अपुरी आहे, त्यातून काढायचं काहीच नाही. कर्जाचं म्हणाल, तर ६०,००० ला १३ टक्क्यांनी दोन वर्षं महिना साधारण २,८५० चा हप्ता, एकूण व्याज साडेआठ हजारांच्या जवळ. आणि तुम्हीच लिहिलंय की आईला बांबोळीच्या इस्पितळात तपासणीला याच जिप्सीतून नेता. दोन रविवारांचं काम लांबून गाडी दोन महिने ठोकळ्यांवर उभी राहिली, तर दर खेपेला टॅक्सीचं भाडं. तेही तुमच्या वहीत नाही.

मग करायचं काय? तुमच्या दुसऱ्या फोटोत मागचे शॅकल (पाट्यांची टोकं चासीला लटकवणाऱ्या कड्या) पार मागे झुकलेले दिसतात आणि गाडी डावीकडे किंचित बसलेली आहे. पंचवीस वर्षांत पाटे दबले आहेत. मूळ मापाचे नवे पाटे, नवी बुशं, नवे यू-बोल्ट घाला. हरवलेली उंची कायद्यात राहून परत येईल. टायर झिजतील तेव्हा त्याच मापात चिखलाच्या नक्षीचे घ्या, आणि ओहोळात उतरताना हवा कमी करून, वर आल्यावर भरायला एक छोटा कॉम्प्रेसर गाडीत ठेवा. कॉम्प्रेसरची ही तीन-चार हजारांची खरेदी पाच इंचांपेक्षा जास्त वेळा कामाला येईल. (किनाऱ्यावर मात्र कुठलीच जिप्सी घालू नका, गोव्यात तिथे गाडी न्यायला बंदी आहे.) मित्राला सोबत घ्याच. जुने पाटे उतरवणं, बुशं ठोकणं, ग्रीस भरणं हे दोन रविवारांचं घरचं काम आहे, आणि त्यात चूक झाली तरी दुरुस्त होते.

स्प्रिंग ओव्हरची हौस तरीही राहिली, तर ती रस्त्यावर न धावणाऱ्या, खासगी जागेतच चालणाऱ्या वेगळ्या गाडीवर करा. त्यासाठी आईला नेणारी गाडी वापरू नका.

पैशांचं असं बसवा. महिन्याच्या ९,००० तले ४,५०० जिप्सीच्या नावाने वेगळ्या खात्यात, उरलेले ४,५०० जूनच्या शाळेच्या खर्चाला आणि पावसाआधीच्या कौलांना. शाळा उरकली की हे दुसरे ४,५०० संकटकाळाच्या ठेवीत. मार्च ते मे तीन महिन्यांत जिप्सीचे १३,५०० जमतील. १२ मे रोजी मुद्दल तसंच्या तसं पुन्हा ठेवा आणि व्याजाचे ९,८०० तेवढे उचला. झाले २३,३००. पाटे आणि बुशं यात बसवायची. शॉकॲब्सॉर्बर चवथीनंतर.

पाटे मागवण्याआधी सपाट जागेवर गाडी उभी करून चारही चाकांपाशी एक्सल ते चासी अंतर टेपने मोजा आणि आकडे मला पाठवा. डाव्या-उजव्यात फरक किती आहे ते बघून मागचेच पाटे घ्यायचे की चारही, ते ठरवू.