कॉम्प्युटर हायबरनेट केला तरी रात्रीतून आपोआप चालू का होतो?

तुम्ही लिहिलंय, रात्री डेस्कटॉप हायबरनेट करून झोपता आणि सकाळी बघता तर पंखा गरगरतोय. विंडोज नव्याने टाकूनही फरक नाही. आमच्याकडे सिडकोत दोन पावसाळे हेच चाललं होतं. मीही पैसे मोजून फॉरमॅट मारून आणला होता. पाण्यात गेले.

हायबरनेट करताना रॅममधलं सगळं डिस्कवरच्या एका फाइलमध्ये उतरतं आणि मशीन बंद होतं. पण भिंतीवरच्या बोर्डाचं बटण चालू असेल तर एसएमपीएस (पीसीच्या आतला, वीज पुरवणारा डबा) मदरबोर्डला ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा देत राहतो. तेवढ्यावर लॅन कार्ड (नेटची केबल लागते ते) जागं राहू शकतं. तेव्हा कॉम्प्युटर नेमका कधी उठतो, हे आधी बघा.

बंद झाल्या झाल्या उठत असेल तर पहिला संशय लॅन कार्डवर. केबल काढून बघा. थांबला, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये जाऊन कॉम्प्युटर उठवायची परवानगी काढून टाका. रोज ठरावीक वेळेला उठत असेल तर कुठला तरी टायमर आहे; पॉवर ऑप्शन्समध्ये स्लीपखाली 'अलाउ वेक टायमर्स' डिसेबल करा.

माझा मात्र कधी दीडला उठायचा, कधी पहाटे, कधी आठवडाभर गप्प. विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'वेक सोर्स' (कशामुळे उठला ते) पाहिला तर 'अननोन'. एकदा रात्री पाणी प्यायला उठलो, तेवढ्यात लाईट गेली आणि मिनिटाभरात आली. फ्रिजचा स्टॅबिलायझर टक् करून वाजला आणि पाठोपाठ आतल्या खोलीत पीसीचा पंखा सुरू! यूपीएस होता म्हणा, पण त्याची बॅटरी कधीच मेलेली. तो नुसता एक्स्टेंशन बोर्ड म्हणून उभा होता.

चूक विंडोजची नव्हतीच. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या स्वतःच्या प्रोग्राममध्ये, 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' असा पर्याय असतो (काही मदरबोर्डांवर नाव थोडं वेगळं), तो 'पॉवर ऑन'वर होता. म्हणजे वीज आली की चालू व्हायचं. सर्व्हरला ते सोयीचं पडतं, आणि माझा पीसी एका ऑफिसातून जुना घेतलेला. फॉरमॅट करून बायोस बदलत नाही, म्हणून ते पैसे वाया.

तुमच्याकडे हेच आहे का, ते दोन मिनिटांत कळेल. हायबरनेट करा, पंखा आणि डिस्कचा दिवा पूर्ण थांबू द्या (घाई केलीत तर उघड्या फाइली जातील), मग भिंतीवरचं बटण बंद करून मिनिटभराने चालू करा. हात न लावता पीसी सुरू झाला तर चालू होतानाच डिलीट की दाबत राहा, बायोसमध्ये जा आणि तो पर्याय 'पॉवर ऑफ' करून सेव्ह करा. नाहीच झाला, तर 'वेक सोर्स'पुढे काय येतं ते इथे लिहा.