'डू' की 'झी'? जर्मनीला निघालेल्यांसाठी

पुढच्या महिन्यात जर्मनीत रुजू होताय, आणि विचारताय की 'डू' म्हणजे तू, 'झी' म्हणजे तुम्ही, एवढं पुरेल ना? इंग्रजीत बरं, सगळ्यांना 'यू'!

परीक्षेला पुरेल, वागायला नाही. आपलं 'तुम्ही' वयाला आणि मानाला असतं, झी परकेपणाला. मी नवा होतो तेव्हा बँकेतल्या विशीच्या पोराला सहज डू म्हणालो. इकडे म्हणतोच की! तो काही बोलला नाही, पण त्याच्या प्रत्येक वाक्यात झी आलं, आणि माझे कान गरम झाले. तिथे सत्तरीचे आजोबाही दुकानातल्या पोरीला झी म्हणतात. अकरावीच्या सुमारास शिक्षकसुद्धा मुलांना झी करू लागतात.

घरात मात्र आजोबांनाही डू. देवालाही डूच, पण त्याचं आपल्याला काय नवल. विठोबाला कुठे आपण अहो म्हणतो?

डूवर यायचं कधी? वयाने किंवा हुद्द्याने मोठा असेल त्याने विचारायचं, आपण थांबायचं. माझ्या शेजारच्या आजींनी सहा वर्षं झी केलं. एकदा त्यांच्या पिशव्या जिन्यातून वर नेऊन दिल्या, तर दारात हात पुढे करून त्यांनी स्वतःचं पहिलं नाव सांगितलं. झालं डू! त्यानंतर पुन्हा झीवर जाणं म्हणजे सरळ भांडण. आयटीत बहुतेक ठिकाणी पहिल्या दिवसापासून डू चालतं. आयकिया तर गिऱ्हाइकालाही डू म्हणते. मधली एक तऱ्हाही आहे, नाव पहिलं पण सोबत झी. तिला 'हॅम्बुर्गर झी' म्हणतात. आपलं "सुनील, तुम्ही जरा बघता का?" तेच.

आता 'यू'. ते मुळात अनेकवचन, म्हणजे आपलं तुम्हीच. इंग्रजीतला खरा तू म्हणजे 'दाऊ'. तो प्रमाण बोलीतून सतराव्या शतकात जवळजवळ गेला. थोडक्यात, इंग्रज कुत्र्यालाही तुम्ही म्हणतो! म्हणून इंग्रजीत सलगी कळते ती नावावरून. प्राध्यापकांना 'रिस्पेक्टेड सर' लिहू नका, 'डिअर प्रोफेसर' आणि आडनाव लिहा. त्यांनी उत्तराखाली नुसतं पहिलं नाव टाकलं, तर पुढच्या वेळी तेच वापरायला हरकत नाही.

जर्मन ऑफिसात पहिल्या दिवशी अडलात तर झीच म्हणा. त्याचा राग कुणी धरत नाही, फार तर हसून डू सुचवतील.