कारखान्यात ओतलेल्या इमारतीत कारागिराचा हात उरतो का?

तुमचा प्रश्न असा आहे की प्रीकास्टने, म्हणजे कारखान्यात साच्यांत ओतून आणलेल्या काँक्रीटच्या भागांनी, बांधलेल्या गृहप्रकल्पात कारागिरी आणि कला खरंच टिकते का, की तो फक्त माहितीपत्रकातला मजकूर असतो. मी प्रीकास्ट यार्डात साच्यांचं काम बघतो, त्यामुळे माझं उत्तर थोडं एकाच बाजूचं असणार, हे धरून वाचा. हात उरतो. फक्त तो भिंतीवरून उठून साच्यात जाऊन बसतो.

पेणचे गणपतीचे कारखाने पाहिले असतील तर हे लगेच कळेल. मूळ मूर्ती मूर्तिकार हाताने घडवतो, तिच्यावरून साचा निघतो आणि साच्यातून शेकडो मूर्ती. डोळ्यांची आखणी मात्र पुन्हा हातानेच. सुरुवातीला हात, शेवटी हात, मधे सगळं ओतकाम.

घरांच्या बाबतीत हाच प्रकार सर्वांत धिटाईने केला तो स्पेनचा वास्तुकार रिकार्दो बोफिल याने, पॅरिसच्या पूर्वेला न्वाझी-ल-ग्राँ या गावी. प्रकल्पाचं नाव ‘एस्पास दाब्राक्सास’, बांधकाम १९७८ ते १९८३. एकूण ५९१ घरं: ‘पालासिओ’ या इमारतीत ४४१, अर्धगोल ‘थिएटर’मध्ये १३० आणि मधल्या कमानीत २०. होय, कमानीत माणसं राहतात.

त्याआधी फ्रान्समध्ये काय चाललं होतं ते बघा. महायुद्धानंतर घरांची प्रचंड टंचाई, म्हणून कारखान्यात काँक्रीटची सपाट पॅनेल ओतायची, क्रेनने उचलून एकावर एक लावायची. इमारती पटापट उभ्या राहिल्या, पण सगळ्या खोक्यांसारख्या. शेवटी १९७३ मध्ये सरकारलाच परिपत्रक काढून अशा अवाढव्य वसाहतींना लगाम घालावा लागला. बोफिलने कारखाना नाकारला नाही. त्याच पद्धतीने त्याने खांब, कंगोरे, कमानी ओतवून घेतल्या. राजवाड्याची भाषा, पण आत राहणारे साधे लोक. करडा आणि पांढरा सिमेंट, वेगवेगळी वाळू आणि ऑक्साइड यांचं प्रमाण बदलून काँक्रीटला दगडाजवळ जाणारा रंग दिला. थिएटरच्या आतल्या बाजूचे काचेचे अर्धगोल खांब तर चक्क घरांच्या खिडक्या आहेत.

आता यात कारागीर कुठे आला? माझाच एक फजितीचा किस्सा सांगतो. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत एका कामात खांबाच्या माथ्यावर नक्षीची पानं होती. साचा करणारा म्हातारा सुतार ड्रॉइंग बघून म्हणाला, “साहेब, हे पान आत वळलंय, सुटणार नाही.” मी म्हटलं, ड्रॉइंगप्रमाणे करा. पहिला नग उचलला तेव्हा पानांची सगळी टोकं साच्यातच राहिली. मग त्याने पटाशी घेऊन दोन दिवसांत प्रत्येक पानाला आतून जेमतेम जाणवेल इतका उतार दिला. नग अलगद सुटायला लागले आणि गंमत म्हणजे पानाखालची सावली जशीच्या तशी राहिली. ती सावली कुठे ठेवायची आणि कुठे सोडायची, हे ड्रॉइंगमध्ये नव्हतं.

पैशाचं गणितही इथेच आहे. लाकडी साचा पंचवीस-तीस नगांनंतर दमतो, लोखंडी शेकडो नग काढतो. नक्षीचा खर्च साच्यावर होतो, नगावर नाही. म्हणून चार बंगल्यांसाठी असा खटाटोप करणं वेडेपणा, आणि सहाशे घरांसाठी परवडतो.

पण बोफिलच्या या अब्राक्सासचं नुसतं कौतुक करून चालणार नाही. दर्शनी भागावर जितकं प्रेम ओतलं तितकं जिने-बोळांवर ओतलं नाही, असं मला वाटतं. पुढे पालासिओ पाडून टाकायची भाषा झाली आणि रहिवाशांनीच विरोध केला. हॉलिवूडवाल्यांना हीच जागा जुलमी राजवटीचं शहर दाखवायला सोयीची वाटली, यातही काहीतरी आलंच! एकच खांब शंभर वेळा आला की तो भव्य वाटतो, आणि एखाद्या संध्याकाळी अंगावरही येतो.

जवळपास त्याच काळात आपल्याकडे याच्या उलट प्रयोग झाला. वास्तुकार चार्ल्स कोरियांनी १९८३ ते ८६ मध्ये सिडकोसाठी बेलापूरला घरं केली, ज्याला लोक आर्टिस्ट व्हिलेज म्हणतात. सात-सात घरं साधारण आठ मीटर बाय आठ मीटरच्या चौकाभोवती, शेजाऱ्याशी सामाईक भिंत नाही, आणि बांधणी इतकी साधी की गावातल्या गवंड्यानेही करावी. पुढे कित्येकांनी घरं वाढवली, काहींनी पाडून नवी बांधली. तिथे हात साच्यात गेलाच नाही, तो मालकाच्या आणि मिस्त्रीच्या हातात राहिला. मूळ देखणेपण बरंचसं गेलं, पण ते बिघडवायची मुभा आराखड्यातच होती. अब्राक्सासमध्ये रहिवाशाला एक कंगोरासुद्धा हलवता येत नाही.

तुम्ही एखादा प्रकल्प बघत असाल तर सॅम्पल फ्लॅटमध्ये वेळ घालवू नका. यार्डात जाऊ देतात का विचारा. साचा कोणी केला, त्यातून किती नग निघणार, आणि दोन पॅनेलचा सांधा नक्षीच्या सावलीत लपवलाय की सपाट भागावर सिलंट फासून सोडलाय, एवढं बघून या.