गुडघ्याची ग्रेड रक्तातून कळत नाही

आईच्या गुडघ्यांची झीज कितव्या ग्रेडची आहे ते रक्ताच्या तपासणीतून कळेल का, 'कॉम्प' ही कूर्चेतल्या प्रथिनाची रक्ततपासणी करावी का, असं विचारलंय तुम्ही. नाही कळणार. ग्रेड ठरते उभं राहून काढलेल्या एक्स-रेवर. केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी १९५७ साली घालून दिलेली ० (झीज नाही) ते ४ (सगळ्यांत जास्त झीज) ही प्रतवारी आजही चालते.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते आणि याच विषयावरून आमच्या घरात अजून धुसफूस आहे. सासूबाईंचे गुडघे दुखायला लागले तेव्हा थोरले भावजी म्हणाले, आधी आर्थ्रायटिस प्रोफाइल करू, रक्तात सगळं दिसतं. सासूबाई दोन्ही हातांनी कठडा धरून जिना आडव्या उतरायच्या, खाली बसून उठताना गुडघे करकरायचे, सकाळचा आखडलेपणा चहा होईस्तोवर सुटायचा. झीज आहे हे डोळ्यांसमोर होतं. मी तेच सांगत होते, पण सुनेचं कोण ऐकतो? युरिक ॲसिड आणि सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी तपासणी) नॉर्मल, आमवातासाठी बघतात तो आरए फॅक्टर जरासा वर. झालं! भावजींनी सगळ्यांसमोर 'आमवात' जाहीर केला. सासूबाईंनी दही-चिंच सोडली, आणि बोटं वाकडी होणार या धास्तीने रात्री अंथरुणात एकेक बोट चाचपत बसायच्या. म्हातारपणी धडधाकट माणसातही आरए फॅक्टर थोडा वर असू शकतो, हे मी किती वेळा सांगितलं! शेवटी ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी एक्स-रे काढला. गुडघ्याच्या हाडांमधली आतल्या बाजूची फट चांगलीच कमी झालेली, ग्रेड ३. आमवाताची जास्त नेमकी रक्ततपासणी, अँटी-सीसीपी, निगेटिव्ह.

'कॉम्प' हे कूर्चेतलं प्रथिन, झिजेबरोबर रक्तात उतरतं. झीज असलेल्यांत त्याची सरासरी जास्त भरते हे खरं, पण एकट्या माणसाचा आकडा निरोगी लोकांच्या आकड्यांत सहज मिसळून जातो. शिवाय तो गुडघ्यातून आला की खुब्यातून, हे रक्त सांगत नाही. व्यायामानंतरही तो वाढतो. सांध्याच्या वंगणातल्या हायलुरोनिक ॲसिडचं तेच: जेवणानंतर वाढतं, लिव्हर बिघडलं तरी वाढतं. सीटीएक्स-टू हा कूर्चा झिजताना सुटणारा तुकडा तर लघवीत मोजतात. संशोधनात, औषधांच्या चाचण्यांत या सगळ्यांचा उपयोग आहे. तुमच्या आईचे उपचार त्यावर ठरणार नाहीत. एक्स-रेची ग्रेड आणि दुखणं यांचाही मेळ दर वेळी बसत नाही, म्हणून ग्रेडच्याही फार मागे लागू नका. तेच पैसे चांगल्या फिजिओथेरपिस्टला द्या, मांडीचे स्नायू बळकट करून घ्या, वजन जास्त असेल तर उतरवा. आमच्याकडे त्या 'आमवाता'पायी व्यायाम कितीतरी उशिरा सुरू झाला.

हां, गुडघा सुजून गरम लागत असेल, ताप असेल, हाताच्या बोटांचे सांधे सुजले असतील किंवा सकाळचा आखडलेपणा तासभर राहत असेल, तर रक्त तपासायलाच हवं. तेव्हा टाळाटाळ नको. मात्र रिपोर्ट आला की थेट डॉक्टरांकडे न्या. घरातल्या कर्त्या पुरुषाला तो मोठ्याने वाचून अर्थ लावू देऊ नका.